श्रद्धांजलीच्या पाठीवर काढलेला नकाशा

मागच्या महिन्यात वारणानगरहून एका बाईंचा फोन आला. नवरा फौजेत, स्फोटात हाताला आणि डोळ्याला मार लागलेला, दीड महिना दवाखान्यात. माझा नंबर त्यांना कुणाकडून तरी मिळाला होता. म्हणाल्या, "दादा, हे बोलतच नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडतात. मी काय बोलू त्यांच्याशी, तेवढं सांगा."

मला फोनवर धड काही सांगता आलं नाही. धीर धरा, सगळं नीट होईल, असलं काहीतरी बोललो आणि फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो तेव्हा हीच वाक्यं बोलणाऱ्याला उशी फेकून मारावीशी वाटायची. म्हणून हे लिहितोय. त्या ताईंसाठी, आणि वाचून दाखवलं तर त्यांच्या नवऱ्यासाठीही.

मी विलास. नेसरीच्या पलीकडं आमचं गाव. घरातला पहिला पदवीधर मी. बी.ए., भूगोल घेऊन, गडहिंग्लजच्या कॉलेजातून. रोज एसटीत उभा राहून जायचो, उभा राहून यायचो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आजही दूध संस्थेत अंगठा उठवतात. मी भूगोल घेतला तेव्हा पारावरची माणसं विचारायची, ढग मोजायला जाणार काय रं? पदवी झाली आणि त्याच वर्षी मी फौजेत भरती झालो.

आता माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'पाय वाचतो का नाही' म्हणून वाचणाऱ्यानं जीव टांगून ठेवायला नको. पायाचा प्रश्न चार दिवसांत मिटला. खरा प्रश्न पुढं वर्षभर चालला. मी फौजेत राहणार, का घरी बसणार, हा तो प्रश्न.

मेलो तो दिवस

उत्तरेत, डोंगरात गस्तीला होतो. सुरुंगावर पाय पडला. त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही, ते कुणाच्याच कामाचं नाही. मला ओढून मागं न्यायला पुढं आला तो दिनेश. बुंदेलखंडातला, माझ्या मागून चालणारा जवान. दुसरा स्फोट त्याच्या पायाखाली झाला. मी वाचलो, तो गेला. एवढं एक वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलंय.

त्याच दिवशी गावाकडं काय झालं ते मला फार नंतर कळलं. कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी आली, एक जवान शहीद, एक जखमी, आणि त्यात कुठंतरी कोल्हापूरचं नाव. एवढ्यावर आमच्या गावानं बाकीचं जोडून घेतलं. आमचं गाव फौजेचं आहे, घराआड एक माणूस वर्दीत. गेलेल्या जवानाचं काय करायचं हे आमच्या गावाला तोंडपाठ आहे. दुकानं बंद, ट्रॉलीला फुलं, शाळेची मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूला, आणि सगळ्यात आधी फ्लेक्स. दुपारी बाराला बातमी आली आणि दोनच्या आत चौकात माझा दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटो माझ्या लग्नातला. डोक्यावरचा फेटा तसाच ठेवून खाली कुणाची तरी वर्दी चिकटवलेली.

घरात बायका जमल्या. आई भिंतीला टेकून बसलेली, तिला कशाचीच शुद्ध नव्हती. माझी बायको रूपाली मात्र दारात उभी राहिली. मंगळसूत्र उतरवायचा विषय कुणीतरी काढला तसं ती म्हणाली, "फोन येईस्तोवर माझ्या गळ्याला कुणी हात लावायचा न्हाय." चुलतीनं समजावून बघितलं, अगं सगळं गाव म्हणतंय. तर ही म्हणाली, "गावाला फोन येत न्हाय. मला येतोय."

मोबाइल मांडीवर घेऊन ती उंबऱ्यात बसली. पाच वाजता युनिटमधून फोन आला. जखमी आहे, जिवंत आहे. बारा ते पाच, सगळ्या गावाच्या विरुद्ध एकटीनं तिनं मला जिवंत धरून ठेवलं होतं.

फ्लेक्स दिवेलागणीच्या आत उतरला. ट्रॉलीवरची फुलं देवळात गेली, दुकानं उघडली, आणि मग सगळ्यांची पंचाईत झाली. गेलेल्याचं सगळं ठरलेलं असतं. जखमी जवानाचं काय करायचं असतं, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

सही

चौथ्या दिवशी मेजर हुद्द्याचे डॉक्टर खाटेशी आले. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पाय सडायला लागलाय, ठेवला तर जीव जाईल, आज संध्याकाळी काढायचाय, सही लागेल.

मी कागद मागितला. त्यांना वाटलं कुठं सही करायची तेवढं बघतोय. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. इंग्रजी होतं, ताप होता, अक्षरं हलत होती. एक शब्द अडला तो विचारला. ते उभेच होते, घाई केली नाही, त्याबद्दल त्यांना आजही मानतो. आमच्या घरात आजवर प्रत्येक कागद दुसऱ्या कुणीतरी वाचला आणि अण्णांनी अंगठा उठवला. माझ्या पायाचा कागद मी स्वतः वाचणार होतो.

सही मराठीत केली, पूर्ण नावानं. मधे बापाचं नाव लिहिताना आठवलं, त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.

वॉर्ड

पाचला चहा. सहाला ताप बघायला. आठला ड्रेसिंगची ट्रॉली. तिच्या एका चाकाची कुरकुर लांबून ऐकू यायची आणि वीस खाटांचा वॉर्ड एकदम गप्प व्हायचा. शेजारच्या खाटेवर एक हात गेलेले सुभेदार होते. ते रोज न चुकता म्हणायचे, 'आ गई बारात.' मग सगळे हसायचे आणि त्या हसण्यात पहिल्या दोन-तीन खाटांची पट्टी सुटून जायची.

झाडायला येणाऱ्या मावशी होत्या. खाटेवर शौचाचं भांडं द्यायचं, न्यायचं काम त्यांच्याकडं. धडधाकट माणसाला त्याची किती लाज वाटते ते सांगायला नको. मावशी भांडं हातात असताना सुनेच्या तक्रारी सांगायच्या. तिला चपात्या जमत नाहीत, ती दार आपटते. त्यांनी माझ्याकडं दया म्हणून एकदाही बघितलं नाही. पहिल्या महिन्यात मला त्यांचा जेवढा आधार वाटला तेवढा भेटायला आलेल्या मोठ्या माणसांचा वाटला नाही.

नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो. हे मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही, वाटलं डोक्यावर परिणाम झाला. शेवटी व्यायाम घेणाऱ्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, सगळ्यांना होतं, तुम्ही उगाच आठ दिवस काढलेत. त्यांनी दोन पायांच्या मधे उभा आरसा ठेवला आणि उजवा अंगठा खाजवायला लावला. आरशात तो डावा दिसतो. निम्मी खाज गेली. ज्यांना हे होत असेल त्यांनी लाजू नका, विचारा.

आता भीतीचं. मरणाची भीती मला वाटली नाही, तेवढा वेळच मिळाला नाही. मला भीती वाटायची ती 'बसा, उठू नका' या शब्दांची. मी घरापुढच्या कट्ट्यावर बसलोय, लोक येतायत, चहा हातात आणून देतायत आणि म्हणतायत, बसा, उठू नका. वय एकतीस. असं अजून चाळीस वर्षं. डोळे मिटले की तो कट्टा दिसायचा, म्हणून मी भिंतीकडं बघत पडायचो.

आमची चार वर्षांची मुलगी ओवी पेठ वडगावला, रूपालीच्या माहेरी ठेवली होती. रूपाली दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायची, दोन वेळा डबा आणायची. एक दिवस मी तिला म्हणालो, तू माहेरी जा, तुझं वय आहे अजून, माझ्यापायी अडकू नको. फार मोठं मन करून बोलतोय असं मला वाटलं होतं.

ती डब्याचा रुमाल घडी घालत होती. "पाय गेलाय. डोकं हाय न्हवं जाग्यावर?"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"त्या दिवशी सगळं गाव म्हणत हुतं, तुमी गेलासा. मी न्हाय म्हणलं. आता तुमीच म्हणाय लागलासा व्हय?"

फ्लेक्सची सगळी हकीकत तिनं मला तेव्हा सांगितली. पुढं दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र वेळेवर आला. तिसऱ्या दिवशी मी भिंतीकडची कूस बदलली आणि मॅडमना विचारलं, कुबड्या कधी देणार?

तर ताई, काय बोलायचं ते मला आजही सांगता येणार नाही. रूपाली गोड काहीच बोलली नव्हती, एवढंच सांगतो.

तांब्या

जखम भरल्यावर नवा पाय बसवायच्या आधी मला घरी सोडलं. मी कळवलं होतं, बँड नको. तरी एक हलगीवाला होताच, मला बघून त्याची वाजवायची हिंमत झाली नाही.

मी सुट्टीवर आलो की आई दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते आणि तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर घालते. मग आत घेते. भरती झाल्यापासून एकही सुट्टी चुकली नाही. त्या दिवशीही ती तांब्या घेऊन आली. तुकडा ओवाळला. उजव्या पायावर पाणी घातलं. सवयीनं तांब्या डावीकडं नेला आणि तिथं नुसती फरशी होती.

हात तसाच थांबला. मग उरलेलं पाणी घेऊन ती आत गेली. दोन दिवस तो तांब्या चुलीजवळ तसाच होता. त्यातलं पाणी कुणी प्यालं नाही, कुणी ओतलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुबड्यांवर घरामागच्या परड्यात गेलो तर गवताच्या गंजीवर मी. उलटा. फेटा खाली, वर्दी वर, आणि 'भावपूर्ण' एवढंच दिसत होतं, बाकीचं दोरीखाली. फ्लेक्स अण्णांनी आणून गंजी झाकली होती. माझ्याकडं बघून ते चपापले, म्हणाले, "एवढं जाड कापड कोण टाकतंय व्हय? गवात भिजत न्हाय."

मला हसू फुटलं. स्फोटानंतर पहिल्यांदा. आधी अण्णा घाबरले, मग तेही हसायला लागले, आणि आम्ही बापलेक म्हशीच्या समोर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

खुर्ची

आठवड्यानं गावानं सत्कार ठेवला. सरपंच बाळूतात्या पुढं होता. तात्या मनाचा वाईट नाही, फ्लेक्स लावायच्या दिवशी तोच चौकात लहान मुलासारखा रडला होता. पण त्या दिवशी चुकलेलं भरून काढायच्या नादात त्यानं सगळं थोडं जास्तच केलं. मंडपवाल्याची लाल मखमली खुर्ची आणली. मला तीत बसवलं, आणि मला न विचारता चौघांनी खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं. टाळ्या वाजल्या. माझ्या कुबड्या खाली राहिल्या.

शाल, नारळ, फेटा झाला. मग तात्यानं माइकवर जाहीर केलं की विलासराव आता गाव सोडून जाणार नाहीत, स्टँडजवळचा गाळा पंचायत त्यांना देणार, तिथं थंड पेयांचं दुकान निघेल, नावही ठरलंय, 'वीर जवान कोल्ड्रिंक्स'. परत टाळ्या. मला तो कट्टा दिसायला लागला.

माझ्या हातात माइक दिला तेव्हा मी आधी कुबड्या मागितल्या. कुणाला कळेना कशाला. येईपर्यंत काही बोललो नाही. आल्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "बसायला मला अख्खं आयुष्य पडलंय. आधी उभं राहून बघू द्या. पाच-सहा महिन्यांनी माझं मेडिकल बोर्ड आहे. फौजेनं ठेवलं तर मी परत जाणार."

आणि मग दिनेशचं सांगितलं. कसा पुढं आला, कसा गेला. "तुम्ही चुकून माझा फ्लेक्स लावला. ज्याचा लावायचा त्याचं नाव दिनेश. त्यानं कोल्हापूर कधी बघितलं नव्हतं."

कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, गावाचा अपमान झाला. खाली उतरताना कुणी हात द्यायलाही पुढं आलं नाही, एक एक पायरी माझी मीच उतरलो.

शाळेत असताना आमची सहल नेसरीच्या खिंडीत गेली होती. सात जण शत्रूवर तुटून पडले आणि सातही गेले, ती जागा. आमच्या भागातली मुलं त्या गोष्टीवर वाढतात. मला त्या गोष्टीचा अभिमान आहे, कायम राहील. पण त्यातून परत कुणीच आलं नव्हतं, त्यामुळं परत आलेल्या माणसाला कुठं उभं करायचं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आम्ही त्याला खुर्ची देतो.

तिसऱ्या दिवशी चौकात दिनेशचा फ्लेक्स लागला. फोटो तात्यानं रूपालीच्या मोबाइलवरून नेला होता. आमच्याकडं कुठल्याही फ्लेक्सच्या खाली पंधरा-वीस चेहरे असतात, सौजन्य, शुभेच्छुक. याच्याखाली एकही नव्हता. तात्या घरी आला, दारातच उभा राहिला. म्हणाला, "नाव बरोबर लिवलंय का बघ बाबा एकदा. परत चूक नगो."

बरोबर होतं.

आई

सत्काराच्या दिवशी संध्याकाळी मात्र आईनं मला धरलं. ती मोठ्यानं बोलत नाही, त्या दिवशीही नाही बोलली. "एकदा मेलास ह्या गावात. दुसऱ्यांदा ऐकायची न्हाय मी."

मीही बोलून गेलो. "घरात बसवलंस तर रोज मरताना बघशील."

असं बोलायला नको होतं. ते खरं होतं, तरीही नको होतं. त्यानंतर आई मला वाढायची, पण ताट ठेवून तोंड फिरवायची. अण्णा आमच्या मधे निरोप्यासारखे फिरायचे. मी पुण्याला पाय बसवायला गेलो तेव्हा तिनं हातावर दही घातलं, पण 'लवकर ये' म्हणाली नाही.

परडं

नवा पाय म्हणजे पहिले पंधरा दिवस शत्रूच असतो. तिथल्या व्यायामाच्या मॅडम सांगायच्या, आज वीस मिनिटं. मी तास घालायचो, आणि मोजा काढला की रक्त. त्या हट्टापायी जखम परत उघडली आणि माझे तीन आठवडे फुकट गेले. म्हणून सांगतो, जिद्द वेगळी आणि आडमुठेपणा वेगळा. मॅडमनी बस म्हटलं की बसा. माझा राग खुर्चीवर नाही. न विचारता उचलून बसवण्यावर आहे.

बोर्डापुढं दोन गोष्टी लागणार होत्या. मला राहायचंय असा माझा अर्ज, आणि याच्यासाठी आमच्याकडं काम आहे असा वरिष्ठांचा शेरा. अर्ज मी लिहिला. पाय काढायच्या कागदानंतरची ही माझी दुसरी मोठी सही. आमच्या युनिटच्या कर्नलसाहेबांनी फोनवर सरळ विचारलं, विलास, गस्त तर आता होणार नाही, मग तू काय करशील? मी म्हणालो, साहेब, भूगोलाचा पदवीधर आहे, नव्या जवानांना नकाशा वाचायला शिकवीन. ते म्हणाले, ये, चाळीस मिनिटांचा एक तास घे. मी मागं बसून बघतो. मग शेरा लिहायचा का नाही ते ठरवतो.

हातात सहा आठवडे होते. मी घरी आलो. ती सुट्टीच नव्हती, आणि आईनंही तांब्या आणला नाही. आल्या आल्या गंजीवरचा फ्लेक्स उतरवला, साबणानं धुतला आणि गोठ्याच्या भिंतीला उलटा टांगला. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. माझ्या श्रद्धांजलीच्या पाठीवर मी आमच्या मुलखाचा नकाशा काढायला घेतला. गाव, ओढा, शाळा, डोंगर, खिंड.

रोज सकाळी तिथं उभा राहून शिकवायचो. विद्यार्थी म्हणजे अण्णा, रूपाली, माहेराहून परत आणलेली ओवी आणि दोन म्हशी. पहिल्या दिवशी बारा मिनिटं उभा राहिलो आणि खांबाला धरलं. रूपाली मोबाइलवर वेळ लावायची आणि मी आधीच थांबलो तर म्हणायची, पोरांचा डबा खायचा टाइम झाला वाटतं मास्तर.

नकाशात अवघड असतात त्या उंचीच्या रेषा. डोंगराभोवती एकात एक वेटोळी. कॉलेजात मलाही त्या कळायला महिना लागला होता. जिथं रेषा दाटीनं येतात तिथं चढ उभा, जिथं लांब लांब तिथं सपाटी, असं मी चार दिवस घोकत होतो. पाचव्या दिवशी अण्णा धार काढून उठले, फ्लेक्सजवळ गेले, डोंगरावर बोट फिरवलं आणि मग स्वतःचा अंगठा डोळ्यांपुढं धरून बघत राहिले.

"ह्या रेगा अंगठ्यावानी हायत की रं."

आयुष्यभर त्या अंगठ्याची मला लाज वाटत आली होती.

आई गोठ्यात यायची नाही. तेवढ्यात एक दिवस वाऱ्यानं फ्लेक्सचा कोपरा फाटला, नेमका खिंडीपाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कोपरा सुतळीनं शिवलेला, बारीक टाके, रेषा इकडची तिकडं न होऊ देता. आमच्या घरात दाभण एकटी आई चालवते. त्या दिवशी ताट ठेवून ती समोर बसली.

चाळीस मिनिटं

फ्लेक्सची गुंडाळी घेऊनच मी गेलो. समोर साठ नवी मुलं, मागं कर्नलसाहेब. पायाचं मी काही बोललो नाही. फळ्यावर फ्लेक्स टांगला आणि म्हणालो, प्रत्येकानं आपला अंगठा बघा.

पंचवीस मिनिटांनंतर आतून जळायला लागलं. तिसाव्या मिनिटाला घाम मानेवरून खाली. कोपऱ्यात स्टूल होतं, कुणी काही म्हणालं नसतं. मी खिंड शिकवत होतो. एका मुलानं विचारलं, साहेब, इथं चढ इतका उभा असेल तर माणूस परत कसा येणार? म्हणालो, "परत यायची वाट आधी बघून ठेवायची, मग आत शिरायचं. नकाशा त्यासाठीच असतो." चाळीस मिनिटं झाली. मग मी स्टुलावर बसलो. स्वतःहून.

साहेब उठले आणि फ्लेक्सच्या मागं डोकावले. माझा फेट्यातला फोटो त्यांनी बघितला, आणि मजकूर 'श्रद्धांजली'पर्यंत वाचला. शेरा त्याच दिवशी लिहिला.

बोर्डानं दोन महिने घेतले. त्या दोन महिन्यांत मला पुन्हा कट्टा दिसायला लागला होता, हे लपवत नाही. मग पत्र आलं. श्रेणी कमी केली, गस्त नाही, उंचीवरची पोस्टिंग नाही. नोकरीत कायम. काम, नकाशा वाचन शिकवणे.

तो फ्लेक्स आता माझ्या वर्गात असतो. मागची बाजू मुलांना कधी दाखवायची ते माझं मी ठरवीन.

सुट्टी

रुजू झाल्यानंतर पहिल्या सुट्टीला गडहिंग्लजहून एसटीनं आलो. स्टँडपासून घरापर्यंत चालत. मला द्यायचं ठरलेल्या गाळ्यात आता सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चौकात दिनेशचा फ्लेक्स उन्हानं फिका पडलाय, पण तात्यानं तो काढू दिलेला नाही. मध्ये एकाला तिथं वाढदिवसाचा लावायचा होता, तर तात्यानं त्याला पळवून लावलं म्हणे.

दारात आई उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. मी दोन्ही बूट काढले. एक पाऊल माझं, एक रबराचं. तिनं तुकडा ओवाळून टाकला. उजव्या पायावर पाणी घातलं. मग डावीकडं तांब्या नेला, जराही न थांबता, आणि सगळा रिकामा केला.

मी म्हणालो, "आई, त्याला पाणी लावायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

"मग पूस की." तिनं खांद्यावरचा पदर सोडून माझ्या हातात दिला. "नीट पूस. सोमवारी ड्युटीवर जायाचं न्हवं तुला?"